सांधा

तिरोडा तालुक्यातल्या एका गावात दोघे भाऊ उन्हाळी धान घेत. बांधीत उभं राहिलं की वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसायच्या. 660 मेगावॅटचे पाच संच, एकूण 3300 मेगावॅट. आणि इकडे विहिरीवरची 5 एचपीची मोटर एकाच हंगामात दोनदा जळलेली. धान निसवायला आलं होतं आणि बांधीला भेगा पडत होत्या.

"लाइनच खराब हाय जी," धाकटा ज्याला त्याला सांगायचा. "वीज आपल्या उशाशी बनते, अन् वोल्टेज दुसऱ्याले."

गावालाही ते पटायचं. तक्रारीचा अर्ज लिहून झाला, सह्या गोळा झाल्या.

वाइंडिंगवाल्या मिस्त्रीला मात्र वेगळीच शंका आली. मोटर उघडली तेव्हा दोन फेजच्या कॉइल कोळशासारख्या काळ्या पडल्या होत्या, तिसरीच्या जवळपास नव्या. अख्खी लाइन कमजोर असती तर तिन्ही सारख्याच भाजल्या असत्या. तो मोटर भरून घेऊन स्वतः शेतावर आला. वास्तविक मोटरी जळण्यावरच त्याचं पोट. चार पैसे घेऊन गप्प बसला असता तरी कोणी विचारलं नसतं.

खांबावरून आलेलं वोल्टेज त्याने पाहिलं. तिन्ही फेज ठीक होत्या. मग तो केबल धरून विहिरीकडे चालत निघाला. अर्ध्या वाटेत टेप गुंडाळलेला एक सांधा होता. केबल तोकडी पडली तेव्हा धाकट्याने तांब्याच्या तारेला ॲल्युमिनियमची तार हाताने पिळून जोडली होती. मेन बंद करून मिस्त्रीने टेप सोडला. आतला पीळ काळवंडला होता, वर पांढरट पूड धरली होती.

मोटर सुरू करून त्याने मीटरच्या दोन सुया त्या सांध्याच्या दोन बाजूंना लावल्या. 7 वोल्ट. मग तेवढ्याच अंतरावर चांगल्या तारेला लावल्या. काटा हललाच नाही म्हणा ना.

"तारेतून 7 अँपिअर चालले आहेत," मिस्त्री म्हणाला. "तारेत जेवढे, सांध्यात तेवढेच. पण 7 वोल्ट हा एकटाच खातो, म्हणजे अडथळा एक ओहमचा. साताला साताने गुणा भाऊ, 49 वॅट. बोटाच्या पेरात 40 वॅटच्या जुन्या बल्बापेक्षा जास्त उष्णता."

1827 मध्ये जॉर्ज ओम या जर्मन शिक्षकाने मांडलेला नियम तो शेताच्या धुऱ्यावर बसून सांगत होता. मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते. तेव्हा याच एका ओहमात चाळीसच्या वर वोल्ट अडकतात. सांधा तापतो, तापला की आणखी बिघडतो, आणि शेवटी ती फेज तुटल्यातच जमा होते. मग उरलेल्या दोन फेजवर सगळा भार पडतो आणि त्यांच्या कॉइल जळतात.

"मंग फ्यूज काहून नाही गेला?" थोरल्याने विचारलं.

मिस्त्रीने पेटीतली फ्यूजची किटकॅट ओढून पुढे धरली. आत बाइंडिंगची जाड तार होती.

धाकटा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सारखा उडत होता, दादा. म्हणून मीच टाकली."

"तो उडत नव्हता, तुम्हाले बोलावत होता," मिस्त्री म्हणाला.

त्याने सांधा कापला, तारा घासून स्वच्छ केल्या, दोन्ही धातूंसाठी असलेला लग दाबून बसवला आणि किटकॅटमध्ये योग्य जाडीची फ्यूज तार भरली. तासाभराचं काम. अर्ज धाकट्याने घरी जाऊन फाडला. लाइन तीच राहिली, मोटर त्या हंगामात पुन्हा जळली नाही, आणि धान पदरात पडलं.

तुमच्याही किटकॅटमध्ये जाड तार असेल, तर आजच मेन बंद करा आणि जाणत्या वायरमनकडून ती काढून घ्या. हाताने पिळलेले सांधेही त्यालाच दाखवा.