शाल घेऊन काय करायचं?

आमच्या शहरात परवा झालेल्या आदर्श माता सत्काराचे फोटो पाहिले. दिव्यांग मुलांच्या आया रांगेत बसलेल्या, प्रत्येकीच्या खांद्यावर शाल, मांडीत नारळ. भाषणात दरवर्षी येतं तेच वाक्य आलं, ‘अशी मुलं देव खास आईच्याच पदरात टाकतो.’ टाळ्या पडल्या. माझा राग अजून उतरलेला नाही.  शालीपेक्षा ते वाक्य जास्त खुपलं.

आईचं कौतुक म्हणून बोललं जाणारं हे वाक्य बाकीच्या सगळ्यांना मोकळं करतं. देवानेच निवड केली म्हटल्यावर डॉक्टरांनी काही करून दाखवायचं कारण काय उरलं? सासूने घास भरवायचं, बापाने रात्री उठायचं, महापालिकेने पाणी द्यायचं कारण काय उरलं? खास आईची कंबर दुखत नाही, तिला झोपेची गरज नसते आणि तिला काही शिकवावं लागत नाही. दहा किलोचं मूल पंचवीस किलोचं झालं तरी ती उचलतच राहते, कारण ती खास. नर्सला आपण तीन वर्षं शिकवतो, मग अतिदक्षता विभागात पाळी लावतो आणि पाळी संपली की घरी जाऊ देतो. त्याच विभागातून सुटलेलं मूल आईच्या हाती देताना तिला डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत दोन ओळी मिळतात आणि पाळी चोवीस तासांची. हिला देवाने निवडलंय, हिला प्रशिक्षण कशाला, असं नर्सबद्दल कुणी म्हणत नाही. खेड्यातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीचं पहिलं बाळ जन्मल्यावर रडलंच नाही, तेव्हा तिला कोणत्या परीक्षेत पास झाली म्हणून निवडलं? आणि हा एवढा मोठा मान असेल, तर बोलणाऱ्याने तो स्वतःच्या सुनेसाठी कधी मागितला आहे का?

ज्या आईला या विचाराने धीर येतो तिच्याशी माझं भांडण नाही. तिने ते म्हणावं, देव्हाऱ्यापुढे बसून म्हणावं. माइकवरच्या माणसाने तिच्या वतीने म्हणू नये. त्यापेक्षा निधी नाही, मनुष्यबळ नाही या सबबी मला परवडतात. त्यांच्याशी कागद घेऊन भांडता तरी येतं.

आमच्या शहरातल्या मुकुंदवाडीत एका घरी मी बसले होते. मुलगा आठ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, मान पूर्ण धरत नाही. आई त्याला खिचडी भरवत होती. मूल पुठ्ठ्याच्या खुर्चीत बसलेलं होतं. दुकानातून आणलेल्या खोक्यांचे पुठ्ठे मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवून, उन्हात कडक वाळवून ती खुर्ची केलेली होती. वर जुन्या साडीचं कापड, पाय एकमेकांत अडकू नयेत म्हणून मधे ठोकळा, समोर अर्धगोल कापलेली फळी. आई त्याच्यापुढे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसली. हनुवटी किंचित छातीकडे, लहान चमचा समोरून, वरून नाही. गिळलेलं दिसलं की मगच पुढचा घास. जेवण झाल्यावर तिने त्याला अर्धा तास तसंच बसवून ठेवलं. पूर्वी ती त्याला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवायची, जशी आपल्याकडे तान्ह्या बाळाला भरवतात. ‘ताई, घास घातला की ठसकाच. दर पावसाळ्यात न्यूमोनिया, दर पावसाळ्यात घाटी दवाखाना. मग फिजिओवाल्या मॅडमनी बसवून दाखवलं. एवढंच होतं तर आधी का नाही कुणी सांगितलं?’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खळ आणि पुठ्ठ्याची ही विद्या नवी नाही. झिम्बाब्वेत बेव्हिल पॅकर नावाच्या शिक्षकाने ती रुजवली. मेक्सिकोतल्या खेड्यांत काम करणाऱ्या डेव्हिड वर्नर यांनी 1987 मध्ये खेड्यातल्या अपंग मुलांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. बांबू, टायर, पोती, पुठ्ठा यांतून काय काय उभं करता येतं, हे त्यात चित्रांनी दाखवलं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या घरगुती उपायांचा मला तिटकारा आहे. स्वस्त उपाय नुसता वाचून जमत नाही, तो हातावर बसावा लागतो. 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की दम्याने बेजार मुलांसाठी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून केलेला, इनहेलरला जोडायचा स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडतो. पण कधी? इनहेलर बसतो तो सांधा डिंकाने पक्का बंद केला तर. स्पेसर म्हणून वापरलेल्या नुसत्या कपाने तो गुण आला नाही. हा सांधा कुणीतरी समोर बसून दाखवावा लागतो. भरवण्यासाठी नाकातून पोटात घातलेल्या नळीचंही तसंच. भरवण्याआधी नळीवरची खूण नाकपुडीशी आहे का बघायचं, सिरिंज वर धरून अन्न आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्या दाबायचा नाही, शेवटी पाणी सोडायचं. डब्यातल्या महागड्या पावडरीऐवजी घरचं गाळलेलं वरण-भात आणि वर चमचाभर तेल किती चालेल, हे आहारतज्ज्ञाने त्या मुलाच्या वजनावरून सांगायचं. फिट आली तर कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. दातांत चमचा नाही, नाकाशी कांदा नाही, चप्पल तर नाहीच. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा फवारा नाकात, आणि गाडी बोलवायची. हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका पानावर मावतं. घाटीत जालना, बीड, बुलढाण्याहून आलेल्या आया असतात, त्या पानासाठी इंग्रजी कशाला?

त्या सत्काराच्या शालीचाही एक उपयोग आहे, तो सांगून टाकते. घट्ट गुंडाळी करून कुशीवर झोपवलेल्या मुलाच्या पाठीशी लावली तर मूल उताणं पडत नाही, लाळ बाहेर वाहून जाते, श्वासनलिकेत उतरत नाही. अंथरुणाची सुरकुती काढायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीही.

रात्रीही, हा शब्द खर्चात कुठे धरला जात नाही. काळजी स्वस्त पडते ती आईचे तास फुकट धरले जातात म्हणून. आणि पाणीही धरलं जात नाही. पाठीच्या कण्यात जन्मतः दोष असलेल्या कित्येक मुलांची लघवी दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून काढावी लागते. 1972 मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडिस यांनी दाखवलं की त्यासाठी निर्जंतुक हातमोजे आणि रुग्णालयच हवं असं नाही. साबण-पाण्याने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, हे काम घरी होतं. या एका गोष्टीने जगभरातल्या असंख्य मुलांची मूत्रपिंडं वाचली. पण साबण-पाण्यातलं पाणी आमच्याकडे रोज नाही, काही दिवसांच्या टप्प्याने येतं, आणि टप्पा कधी पुढे जाईल याचा नेम नाही. जायकवाडी धरण भरलेलं असतं तेव्हाही. ज्या घरात दिवसाला दहा लंगोट, चार चादरी आणि एक नळी धुवायची असते त्या घराने निळ्या ड्रमचा तळ गाठायचा तरी कितीदा? टँकर मागवला तर स्वस्त काळजी स्वस्त राहत नाही. अशा घरांना पाण्याचा वेगळा हिशेब लावा, एवढी मागणी कुठल्याही मोर्चात ऐकू आलेली नाही.

कायदा मात्र या आईला खास म्हणून सोडून देत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 24 मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो अशांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख स्पष्ट आहे. त्याच कलमात सरकारच्या आर्थिक क्षमतेची मर्यादाही घातलेली आहे, म्हणून भत्ता कागदावर राहतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, थेरपीसह. ‘समर्थ’ ही योजना तर आईबापांना थोडे दिवस विसावा मिळावा हेही डोळ्यांपुढे ठेवून आखलेली. सत्कारमूर्तींपैकी कितीजणींना ही नावं कुणी सांगितली? आमच्याच शहरात अंबिका टाकळकर यांनी मुलाच्या ऑटिझममधून ‘आरंभ’ ही संस्था उभी केली. पण प्रत्येक आईने संस्था काढावी, ही अपेक्षा त्या व्यासपीठावरच्या वाक्याचीच बहीण आहे. बहुतेकींना रात्री सलग पाच तास झोप मिळाली तरी पुरे.

म्हणून माझं म्हणणं बापांपर्यंत येऊन थांबतं. फिजिओथेरपीच्या बाकांवर ते मला फार कमी दिसतात. कामावर असतात, हे खरं आहे, आणि त्या पगारावरच औषधं येतात, हेही खरं. पण मुकुंदवाडीतल्या त्या घरी संध्याकाळी बाप आला तेव्हा फिटच्या सिरपची बाटली आणि सिरिंज त्याने बायकोकडे सरकवली. ‘मला त्यातलं कळत नाही,’ म्हणाला. वाळूजच्या कारखान्यात तो दिवसभर मायक्रॉनमध्ये मापं घेतो. सिरिंजवरची अडीच मिलीची खूण त्याला वाचता येत नाही, हे मी मान्य करणार नाही.