पाश आणि स्वभाव

बांधलेल्या जीवाच्या वर्तनावरून त्याचा स्वभाव ठरवावा काय, हा प्रश्न वरवर पाहता कुत्री पाळणाऱ्यांपुरता वाटला, तरी तो शैव दर्शनाच्या गाभ्यापर्यंत जातो. या दर्शनाच्या सिद्धान्त परंपरेत पशू, पाश आणि पती अशी तीन तत्त्वे मानली असून पशू म्हणजे बद्ध जीव, पाश म्हणजे त्याला जखडणारी आणव मल, कर्म व माया ही बंधने, आणि पती म्हणजे ती सोडविण्यास समर्थ असा शिव. जीवाच्या ठायी ज्ञानशक्ती व क्रियाशक्ती मुळातच असतात, पण आणव मलाने, म्हणजे जीवाला अणूएवढा संकुचित करणाऱ्या आवरणाने, त्या झाकल्या जातात; म्हणून बद्धावस्थेत जे दिसते ते जीवाचे खरे रूप नव्हे, असे हे मत आहे.

चंद्रपूरच्या रस्त्यावर गळपट्टा व दोर लावून फिरविला जाणारा कुत्रा समोरून दुसरा कुत्रा येताच गुरगुरतो, उसळी मारतो आणि मालकाला फरफटवतो, तेव्हा हाच प्रश्न प्रत्यक्षात उभा राहतो. मोकळी कुत्री एकमेकांना भेटताना सहसा थेट चालून जात नाहीत. ती वळसा घेऊन बाजूने येतात, नजर चुकवतात, शेपटीपाशी हुंगतात आणि भेट नकोशी वाटली तर निघून जातात. दोर लावला की वळसा संपतो, समोरासमोर येणे भाग पडते आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निघून जाण्याची वाटच उरत नाही, त्यामुळे भ्यालेल्या कुत्र्याजवळ धमकावणे एवढाच उपाय राहतो. ज्याला भेटायचेच होते त्याची उत्सुकता अडविली गेल्याने चिडीत बदलते, ती गोष्ट वेगळी, पण पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. झेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोराने बांधलेल्या कुत्र्यांमध्ये धमकावण्याचे प्रमाण मोकळ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. अर्थात भांडखोर कुत्र्यालाच मालक अधिक बांधतो, ही मेख त्यात आहेच. तरीही सगळा फरक तेवढ्याने उलगडत नाही, कारण एरवी शांत असणारा कुत्राही दोर ताणला की बदलतो.

भारतीय कर्मविचारात पशुपक्ष्यांच्या जन्माला भोगयोनी म्हणतात, म्हणजे ज्या जन्मात पूर्वकर्माची फळे भोगायची असतात, पण नवे पापपुण्य जोडले जात नाही असा जन्म. मग दोरातल्या कुत्र्याने दुसऱ्याला फाडले तर ते कर्म कोणाच्या खाती मांडायचे? समोरून कुत्रा येताना दिसताच मालक धास्तावतो, नकळत दोर आखडतो, आणि ती धास्ती दोरावाटे कुत्र्याच्या मानेपर्यंत पोहोचते. येथे पाश धरणारा स्वतःच भयाने बद्ध आहे. शैवांचा पती तसा नाही, आणि माणसाला पतीची जागा देताना ही उपमा अपुरी पडते ती याच ठिकाणी.

यावरून दोर सोडून देणे हीच मुक्ती, असे मात्र ठरत नाही. गडचिरोलीच्या रानातील गावांत कुत्री बहुधा मोकळीच हिंडतात व आपसांत जुळवून घेतात. पण तीच मोकळी कुत्री बिबट्याचे भक्ष्य होतात, चितळांच्या मागे लागतात आणि कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाचा संसर्ग रानकुत्र्यांपर्यंत व वाघांपर्यंत पोहोचवू शकतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवर, किंवा वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या ऊर्जानगरसारख्या वसाहतीत, दोर हे दयेचेही साधन ठरते.

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेले मार्कंडा येथील शिवमंदिर ज्या ऋषीच्या नावाने ओळखले जाते, त्या मार्कंडेयाच्या कथेत यमाने टाकलेला पाश बालकाबरोबर त्याने कवटाळलेल्या शिवलिंगालाही वेढतो, आणि मगच शिव प्रकट होऊन यमाला आवरतो. पाश टाकणारा जबाबदारीतून सुटत नाही, असा या कथेचा एक अर्थ लावता येतो. त्या न्यायाने, ताणलेल्या दोराच्या टोकाशी गुरगुरणाऱ्या कुत्र्याला स्वभावतःच दुष्ट ठरवणे हा निवाडा टिकणारा नाही. दोर ठेवावा, पण वळसा घेण्याइतका सैल ठेवावा, समोरच्यापासून अंतर राखावे, आणि त्याउपर भांडण झालेच तर पहिला जाब दोर धरणाऱ्याला विचारावा.