अभय कोणाला?

गेल्या शतकाच्या आठव्या दशकात लंडनच्या शिक्षणखात्याच्या नोकरीत एक मुस्लिम शिक्षक होता. दर शुक्रवारी मधल्या सुटीत तो जवळच्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजास जाई आणि परत येऊन वर्गावर रुजू होण्यास त्याला सुमारे पाऊण तास उशीर होई. तेवढा वेळ त्याचा वर्ग सहकाऱ्यांनी सांभाळावा हे खात्यास मान्य होईना. तेव्हा साडेचार दिवसांच्या आठवड्याची, आणि अर्थातच त्या मानाने कमी वेतनाची, नोकरी त्याच्यापुढे ठेवण्यात आली. ती न पत्करता त्याने राजीनामा दिला आणि न्यायालयात दाद मागितली. १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्यात, उपासनेस हजर राहिल्याच्या कारणास्तव कोणाही शिक्षकाचे वेतन कमी करता येणार नाही, अशी तरतूद होती. परंतु अपील न्यायालयातील तिघा न्यायाधीशांपैकी दोघांनी ती शाळेच्या वेळापत्रकाच्या मर्यादेतच वाचली पाहिजे असा कौल दिला. तिसरे न्यायाधीश लॉर्ड स्कारमन यांनी मात्र आपले मत वेगळे नोंदविले. ज्या काळी तो कायदा झाला त्या काळचा समाज आता राहिलेला नाही, आणि कायद्याचा असा संकुचित अर्थ केल्यास धर्माचरणी मुसलमानास पूर्णवेळ शिक्षक होण्याची वाटच बंद होईल, असे त्यांनी बजावले. ते मत अल्पमतात राहिले आणि शिक्षकाला नोकरीवर पाणी सोडावे लागले.

मुस्लिमांविषयीचा पूर्वग्रह आणि त्यावरील शासकीय उपाययोजना यांसंबंधी ब्रिटनमध्ये जो वाद आज मोठ्या हिरीरीने चालला आहे, त्याचा आरंभ बहुतेक जण २००१ च्या सप्टेंबरपासून धरतात. त्याची मुळे त्याहून खोल, अशा कागदोपत्री निकालांच्या दफ्तरांत आहेत, अशी माझी समजूत आहे. त्या देशातील कायद्याने निरनिराळ्या धर्मीयांसाठी निरनिराळी मापे वापरली. ईश्वरनिंदेचा प्राचीन अपराध केवळ ख्रिस्ती धर्माचे, आणि त्यातही प्रामुख्याने राजमान्य चर्चचे, रक्षण करीत असे. १९७७ मध्ये एका नियतकालिकाच्या संपादकास येशूविषयीच्या कवितेबद्दल त्याच अपराधाखाली दोषी ठरविण्यात आले होते. ज्यू लोकांना न्यायालयांनी वंश मानले. शीखांविषयीही १९८३ मध्ये, बर्मिंगहॅमच्या एका खाजगी शाळेने पगडीधारी मुलास प्रवेश नाकारल्याच्या प्रकरणात, तोच निर्णय लॉर्ड्स सभेने दिला. त्यामुळे वंशभेदविरोधी कायद्याचे संपूर्ण छत्र या दोन समाजांना लाभले. मुसलमान मात्र ना राजमान्य धर्माचे, ना एका वंशाचे. त्यांच्यात पंजाबी होते, सिल्हेटी होते, सोमाली आणि तुर्क होते, आणि धर्मांतर केलेले इंग्रजही होते. परिणामी २००३ च्या डिसेंबरपर्यंत इंग्लंडमधील एखाद्या मालकाने उमेदवारास ‘तू मुसलमान आहेस म्हणून तुला नोकरी देत नाही’ असे तोंडावर सांगितले, तरी केवळ तेवढ्यासाठी त्याला जाब विचारील असा कायदाच त्या देशात नव्हता. सभ्य राज्यव्यवस्थेत ही उणीव इतकी वर्षे कशी खपवून घेतली गेली, याचे मला आजही नवल वाटते.

आपल्या वाचकांना यात एक गोष्ट विशेष जाणवेल. ज्या मेकॉलेने हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा तयार केला, त्याने तिच्यात सर्व धर्मांच्या उपासनास्थानांना आणि उपासकांना एकाच मापाचे संरक्षण दिले, आणि १८६० साली ती संहिता कायदा म्हणून मंजूर झाली. साम्राज्याच्या राजधानीत मात्र त्यानंतर सव्वाशे वर्षांनीसुद्धा तशी समता नव्हती. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांच्या कादंबरीविरुद्ध १९८९ च्या जानेवारीत ब्रॅडफर्डच्या चौकात होळी पेटली. पुढे काही मुस्लिम नागरिकांनी ईश्वरनिंदेची फिर्याद गुदरू पाहिली, तेव्हा न्यायालयाने त्यांना परत पाठविले. हा कायदा ख्रिस्ती धर्मापुरताच आहे आणि त्याची कक्षा वाढविणे आमच्या अधिकारात नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्या फिर्यादीतील मागणी मला मान्य नाही. परंतु फिर्याद करणाऱ्यांच्या मनात जो सल राहिला असेल, की आमच्या शेजाऱ्याच्या देवाला पहारेकरी आहे आणि आमच्या देवाला नाही, तो खोटा होता असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

ही विषमता मिटविण्याचे दोन मार्ग होते: ईश्वरनिंदेचा पहारा सर्व धर्मांभोवती बसवावा, किंवा तो कोणाच्याच भोवती ठेवू नये. ब्रिटिश संसदेने २००८ साली दुसरा मार्ग पत्करून तो जुना अपराधच कायद्यातून काढून टाकला, आणि ते मला सर्वस्वी योग्य वाटते. त्याच्या दोन वर्षे आधी धार्मिक द्वेष चेतविण्याविरुद्धचा कायदा संमत झाला होता. सरकारचा मूळ मसुदा बराच व्यापक होता. वरिष्ठ सभागृहाने त्यास अशा दुरुस्त्या सुचविल्या की, भाषा केवळ अपमानकारक असून भागणार नाही, ती धमकीची असली पाहिजे आणि द्वेष चेतविण्याचा हेतूही सिद्ध झाला पाहिजे. त्याखेरीज धर्मावरील टीका, उपहास, निंदा आणि धर्म सोडण्याचा आग्रह यांना मुभा देणारे स्वतंत्र कलमही त्यात घालण्यात आले. साठाहून अधिक जागांचे बहुमत गाठीशी असूनही, ३१ जानेवारी २००६ च्या रात्री सरकार या दुरुस्त्या फेटाळू शकले नाही. २८३ विरुद्ध २८२, असा केवळ एका मताने त्याचा पराभव झाला. एका मताने मिळालेला तो कायदा विचारांच्या दृष्टीने मात्र फार समतोल निघाला: माणसावर उगारलेला हात त्याने अडविला, आणि मतावर उगारलेली लेखणी त्याने मोकळी ठेवली.

यानंतर प्रश्न आला परिभाषेचा. रनीमीड ट्रस्ट या संस्थेने १९९७ च्या आपल्या अहवालाने ‘इस्लामोफोबिया’ ही संज्ञा सार्वजनिक चर्चेत रूढ केली. २०१८ साली सर्वपक्षीय खासदारांच्या एका गटाने तिची व्याख्या केली. इस्लामोफोबिया हा वंशवादाचाच एक प्रकार असून मुस्लिमपणाच्या किंवा मुस्लिमपण म्हणून जे दिसते त्याच्या आविष्कारांना तो लक्ष्य करतो, असा तिचा आशय होता. मजूर पक्षाने आणि अनेक नगरपरिषदांनी ती स्वीकारली. तत्कालीन हुजूर पक्षाच्या सरकारने २०१९ च्या मे महिन्यात ती नाकारली. पुढे मजूर पक्ष सत्तेवर आल्यानंतर, २०२५ च्या फेब्रुवारीत, माजी महान्यायवादी डॉमिनिक ग्रीव्ह यांच्या अध्यक्षतेखाली, कायद्याचे बंधन नसलेली नवी व्याख्या सुचविण्यासाठी एक कार्यगट नेमण्यात आला.

त्या जुन्या व्याख्येमागील वेदना मी समजू शकतो. ज्यू आणि शीख यांना वंशाच्या दाराने जे संरक्षण मिळाले, त्याच दाराने आपणही आत जावे, अशी आकांक्षा तीत स्पष्ट दिसते. पण ‘मुस्लिमपण’ या कल्पनेला शासनाने एकदा अधिकृत शिक्का दिला की, ते मुस्लिमपण कोणते हे ठरविण्याची जबाबदारीही शासनाच्याच शिरावर येऊन पडते. आणि ते काम कोणत्याही सरकारला पेलणारे नाही. ग्लासगो शहरात २०१६ च्या मार्चमध्ये एका अहमदी दुकानदाराचा, त्याच्या श्रद्धेमुळे, ब्रॅडफर्डहून आलेल्या एका मुस्लिमाने खून केला. मारणाऱ्याच्या लेखी तो दुकानदार मुसलमान नव्हताच. स्वतःच्या लेखी तो पूर्ण मुसलमान होता. आणखी एक उदाहरण पाहा. २०२२ च्या जूनमध्ये पैगंबरकन्या फातिमेच्या चरित्रावरील, एका शिया धर्मगुरूने लिहिलेल्या चित्रपटाविरुद्ध इंग्लंडच्या अनेक गावांत चित्रपटगृहांपुढे निदर्शने झाली आणि एका मोठ्या कंपनीने आपल्या सर्व पडद्यांवरून तो काढून घेतला. निदर्शकांना पाठिंबा देणाऱ्यांत मुस्लिमद्वेषाच्या प्रश्नावर सरकारनेच नेमलेले एक सल्लागार होते; सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. येथे कोणाचे धर्मस्वातंत्र्य धोक्यात होते? दुखावलेल्या सुन्नींचे, की आपली कथा सांगू पाहणाऱ्या शियाचे?

हमीद दलवाई यांच्या महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या, आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. हे करणाऱ्यांना समाजाच्या आतूनच शिव्याशाप सोसावे लागले, जसे आगरकरांना आपल्या जिवंतपणी आपली प्रेतयात्रा पाहावी लागली. सुधारकाचे बोलणे त्याच्या स्वतःच्या समाजाला सुरुवातीस नेहमीच निंदेसारखे वाटते. श्रद्धेच्या आविष्कारांभोवती तटबंदी उभारणाऱ्या शासनाला तटाबाहेरचा द्वेष्टा जसा अडविता येतो, तसाच तटाच्या आतला दलवाईही नकळत कोंडता येतो. म्हणून धर्मस्वातंत्र्याच्या विचारात धर्म सोडण्याचे, बदलण्याचे आणि आतून प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य पहिल्या पंक्तीत बसविले पाहिजे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, तो टाळून चालणार नाही. श्रद्धा ही श्रद्धावानापासून कापून वेगळी काढता येत नाही. पैगंबराचा अपमान झाला की मुसलमान माणसालाच जखम होते, असे पुष्कळ विचारी मुसलमान सांगतात. त्या जखमेचे खरेपण मी नाकारीत नाही. पण दुखावलेल्या भावनेला दंडशक्तीचे बळ मिळाले म्हणजे काय होते, याचा आपल्या देशाचा अनुभव जुना आहे. ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेच्या प्रकाशकास लाहोरच्या उच्च न्यायालयाने १९२७ साली मुक्त केल्यावर जो क्षोभ उसळला, त्यातून दंडसंहितेत २९५-अ हे कलम आले. १९२९ साली त्या प्रकाशकाचा खून झाला. कलमाने त्याचे प्राण वाचविले नाहीत. पुढे मात्र ते कलम सर्व धर्मांच्या तक्रारखोरांच्या हाती आयते साधन बनले. भावना जितकी लवकर दुखावेल तितकी तिची सरकारदरबारी पत वाढते, हे एकदा लक्षात आले की भावना लवकर दुखावू लागतात. इंग्लंडमध्ये कलमावाचूनही तसेच घडू पाहत आहे: २०२१ साली बॅटली येथील एका शिक्षकाने धर्मशिक्षणाच्या तासाला पैगंबराचे एक व्यंगचित्र दाखविले. अपमान करण्याचा त्याचा हेतू नव्हता असा चौकशीचा निष्कर्ष निघाला, तरी त्याला कुटुंबासह लपून राहावे लागले. वर्गात परतणे त्याच्या नशिबी आले नाही. तेथील स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याच्या पाठीशी जितके उभे राहावयास हवे होते तितके ते राहिले नाहीत.

आता दुसरी बाजू. व्याख्येला विरोध करणाऱ्यांपैकी अनेक जण अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा घोष करतात, पण मशिदीच्या दारात माणसे चिरडली जातात तेव्हा त्यांचा आवाज पडतो; त्यांच्या स्वातंत्र्यप्रेमावर माझा विश्वास बसत नाही. १९ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर, रमजानच्या तरावीहची नमाज आटोपून लोक घरी जात असताना, लंडनच्या फिन्सबरी पार्क भागात एकाने गाडी त्यांच्या अंगावर घातली. एक मध्यमवयीन गृहस्थ तेथे मरण पावला. खवळलेल्या जमावाने हल्लेखोरास घेरले तेव्हा जवळच्या मशिदीचा इमाम पुढे झाला आणि पोलिस येईपर्यंत त्याने त्या माणसाला कोणास हात लावू दिला नाही. कायद्याचे राज्य म्हणजे काय, हे त्या इमामाने त्या रात्री जितके स्पष्ट करून दाखविले तितके कोणत्याही अहवालाने केलेले नाही.

२०२४ च्या जुलैअखेर साउथपोर्टला तीन चिमुरड्या मुलींची हत्या झाली. मारेकरी नुकताच आलेला मुस्लिम निर्वासित आहे, अशी निखालस खोटी वार्ता पसरली; वस्तुतः तो कार्डिफमध्ये जन्मलेला, रवांडातून आलेल्या आईबापांचा मुलगा होता. दुसऱ्याच दिवशी जमावाने गावच्या मशिदीवर विटा फेकल्या आणि दंगल गावोगाव पसरली. त्यानंतर शासनाने जे केले ते मला कोणत्याही व्याख्येहून मोलाचे वाटते: मशिदींना तातडीने संरक्षण पुरविले, अटका केल्या, आणि साउथपोर्टच्या दंगलीतील एका आरोपीस आठ दिवसांच्या आत तीन वर्षांची कैद ठोठावली गेली. गावातले गवंडी तर त्याहून लवकर, दुसऱ्या दिवशी सकाळीच, पडलेली भिंत बांधावयास येऊन पोहोचले होते.

२०२५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या तुर्की वाणिज्य वकिलातीपुढे एकाने कुराणाची प्रत जाळली आणि त्याला दंड झाला. ऑक्टोबरमध्ये वरच्या न्यायालयाने, ईश्वरनिंदा हा आता या देशात अपराध नाही याची आठवण देऊन, तो निकाल रद्द केला. ग्रंथ जाळण्याचे ते कृत्य मला अत्यंत हिणकस वाटते, आणि तरीही तो निर्णय योग्य आहे असे माझे मत आहे. त्याच निर्भयपणे, एखाद्या मुलीस हिजाब ओढून रस्त्यात अपमानित करणारा, एखाद्याचे नाव वाचून त्याचा अर्ज टोपलीत टाकणारा किंवा घर भाड्याने नाकारणारा यांना शासनाने गाठले पाहिजे, आणि त्यासाठी २००१ पासूनचे वाढीव शिक्षेचे कायदे व २०१० चा समानता कायदा हाताशी आहेत. नव्या शब्दांच्या शोधात जी शक्ती खर्च होत आहे तिच्यातील निम्मी जरी या कायद्यांच्या अंमलबजावणीकडे, पोलिस ठाण्यात फिर्याद नोंदवून घेणाऱ्या शिपायाच्या शिक्षणाकडे आणि फिर्यादीस वेळेवर मिळणाऱ्या न्यायाकडे वळविली, तर ब्रिटनच्या मुसलमानांचे अधिक हित होईल. ब्रिटिश सरकारने तेच आधी करावे.