गुडबाय म्हणताना

दिवसातून कितीदा आपण 'गुडबाय' म्हणतो! हा शब्द मुळात प्रार्थना आहे, हे ध्यानी येते का? 'गॉड बी विथ ये', म्हणजे 'देव तुझ्यासोबत असो', या जुन्या इंग्रजी आशीर्वादाचे ते झिजलेले रूप. १५७३ च्या सुमारास गॅब्रिएल हार्वे यांच्या पत्रात ते एकाच शब्दात जुळलेले दिसते. पुढे 'गुड डे'च्या वळणावर 'गॉड'चे 'गुड' झाले.

'ओ माय गॉड'ची गत उलटी. तिथे देवाचे नाव ओठांवर राहिले, पण हाक कुणालाच नाही. 'गॉड विलिंग'मागे याकोबाच्या पत्रातील (४:१५) शिकवण आहे: उद्याचा दिवस आपल्या हाती नाही. आपण मात्र ते शब्द नकार टाळण्यासाठी वापरतो!

देवाचे नाव व्यर्थ घेणे म्हणजे केवळ शपथा वाहणे नव्हे. मनात अर्थ नसताना ते उच्चारणेही व्यर्थच. बवाजाने शेतातील कापणाऱ्यांना देवाच्या सोबतीचा आशीर्वाद दिला आणि त्याच शेतात परक्या रूथला पोटभर जेवू घातले. त्याचा शब्द खरा ठरला.

आज कुणाला निरोप देताना आपण क्षणभर थांबू या. 'देव तुझ्यासोबत असो' म्हणू या, आणि गरज पडली तर आपणही सोबत जाऊ या.