रामलिंगाच्या दरीतले कवडसे

येडशीच्या रामलिंगाच्या पायऱ्या उतरा आणि मंदिराच्या अलीकडे झाडाखाली टेका. हिवाळा असावा, सकाळचे दहा वाजलेले. पिशवी मांडीखाली दाबून ठेवा. इथली माकडं रिकामा डबाही सोडत नाहीत.

वर पाहू नका. सावलीत सांडलेले कवडसे पाहा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, कवडसे मात्र बहुतेक गोलसर. जरा लांबट दिसतात ते ऊन तिरपं म्हणून. एकाखाली वही धरा आणि हळूहळू उन्हाकडे कलती करा. चकती गोल झाली? तो सूर्य आहे. ग्रहण लागलं की याच चकत्यांच्या कोरी होतात. (२ ऑगस्ट २०२७ ला खंडग्रास आहे खरं, पण ऐन पावसाळ्यात.)

खालच्या फांदीतून आलेला सूर्य लहान, शेंड्यातून आलेला मोठा आणि फिका. भोकापासून तीन मीटरवर तो साधारण तीन सेंटिमीटरचा उमटतो. पत्र्याच्या घरात वाढलेल्यांनी खिळ्याच्या भोकातून आलेला असा सूर्य दुपारभर जमिनीवर सरकताना पाहिलेला असतो.

आता पिशवीतून चहापत्तीचा डबा काढा. आतून काळा, बुडाला मिलिमीटरभर भोक, तोंडाला ताणून बांधलेला बटर पेपर. डोक्यावरून शाल घ्या, बूड समोरच्या उन्हातल्या कड्याकडे करा. थांबा. डोळे अंधाराला सरावू द्या. मग कडा येतो, उलटा. झाडं वरून लोंबतात, आभाळ तळाशी. काड्यापेटीत हेच चित्र नखाएवढं, पण जास्त उजळ. टीव्हीच्या खोक्यात ऐसपैस, पण इतकं मंद की शालीऐवजी घोंगडी लागेल. मला चहाचा डबा पुरतो.

भोक वाढवलं तर उजेड वाढतो आणि कडा विरघळतो. फार बारीक केलं तरी बिघडतं. अरुंद वाटेतून जाताना उजेड फाकतो. फोटोच्या कागदावर टिपायचं, तर दहा सेंटिमीटर खोल डब्याला ०.४ मिलिमीटरच्या आसपासचं भोक मानवतं.

डबा खाली ठेवा. कड्याच्या प्रत्येक दगडावरून उजेड सगळीकडे निघतोय. आत्ता तुमच्या सदऱ्यावर कडा पडलाय, झाडं पडलीत, आभाळ पडलंय, सगळं एकावर एक. म्हणून तर काहीच दिसत नाही. डब्याने जवळजवळ सगळा उजेड अडवला, तेव्हा कडा दिसला. या अडवण्यापाशी रेंगाळा. मनावर या घडीला काय काय पडलंय? त्यातलं एकच आत येऊ द्या. बाकीचं पुसायचं नाही, बाहेर राहू द्यायचं.

असा डबा महिनोन्‌महिने एका जागी बांधून ठेवला, तर सूर्याच्या रोजच्या वाटा आतल्या फोटोच्या कागदावर रेघांसारख्या उमटतात. तो प्रयोग घराच्या गच्चीवर करावा. इथे अभयारण्य आहे.