देव जवळ असतो म्हणजे काय?



एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. तो पोथी वाचताना सुचलेला नाही, आईच्या खाटेपाशी बसून मनात आलेला आहे. देव सर्वत्र आहे, आत आहे, बाहेर आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कीर्तनकार सांगतात, आपण मान डोलावतो. मग जो सर्वत्र आहे तो जाणवत का नाही? आणि ज्या वेळी तो जाणवत नाही, त्या वेळीही तो जवळच असतो असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

माझी हकीकत थोडक्यात सांगतो. सलग १९ वर्षे माझी आषाढी वारी चुकली नव्हती. विसाव्या वर्षी पालखी निघायला महिना असताना आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरात ती आणि मी. पत्नी आधीच देवाघरी गेलेली, मुलगी सासरी. वारी राहिली. पुढच्या वर्षीही राहिली. हरिपाठ मी सोडला नाही, पण तुमच्यापाशी खरे सांगतो, तो ओठांवरच होता. आत धुमसत होते. एका दुपारी आईचे अंथरूण तिसऱ्यांदा बदलताना मी बोलून गेलो, "तुझ्यापायी माझा पांडुरंग दुरावला." तिला बोलता येत नव्हते, ऐकू सगळे येत होते. तिने डावा हात उचलून डोळ्यांवर घेतला.

पुंडलिकाची गोष्ट तुम्हांला मी सांगायला नको. आईबापांची सेवा चालली होती, देव दारात आले, पुंडलिकाने वीट पुढे सरकवली आणि हातातले काम चालू ठेवले. आपल्या संप्रदायाचे दैवत त्या विटेवर उभे आहे. ही गोष्ट मी दिंडीतल्या पोरांना किती वेळा सांगितली असेल! तरी माझ्याच घरात आईची खाट एकीकडे आणि देव दुसरीकडे, अशी वाटणी मीच करून ठेवली होती.

त्याच पावसाळ्यात आईला कफ झाला आणि काही दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. तिथे एक परिचारिका होती, नगरकडची, ख्रिस्ती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली कसा घालायचा, हे तिने मला शिकवले. कूस बदलताना तिचे ओठ हलत. एके दिवशी विचारले, "सिस्टर, काय म्हणता?"

"काही नाही काका. 'बापा, धर' एवढंच. सारखं म्हणते. विसरते, मग परत म्हणते."

"विसरल्यावर वाईट नाही वाटत?"

"आधी वाटायचं. आता वाईट वाटण्यात वेळ घालवत नाही. पुढचा पेशंट असतो." मग हसून म्हणाली, "आमच्यात एक आचारी होऊन गेला, त्याचं आहे हे. माझं नाही."

त्या आचाऱ्याची मी पुढे माहिती काढली. ती तुम्हांला सांगावी म्हणून हा लेख. कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या अंकात ख्रिस्ती माणसाची कथा कशाला? त्यांना एवढेच सांगेन की नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो असे ते सांगत. ख्रिस्ती भजने त्यांनी आपल्याच अभंगाच्या चालीरीतीने लिहिली, ती आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. पूल आहे तर दोन्ही बाजूंनी आहे. आपण आपली माळ गळ्यात ठेवून त्यावर थोडे पुढे जाऊन पाहावे आणि परत यावे, यात तुकोबांना काही वावगे वाटेल असे मला वाटत नाही.

तर तो आचारी. फ्रान्सच्या बाजूला लोरेन प्रांत आहे, तिथल्या एका खेड्यात १६१४ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. गरीब घर. तरुणपणी सैन्यात गेले. तिकडे तेव्हा तीस वर्षांचे युद्ध चालू होते. त्यात पायाला जखम झाली आणि ते कायमचे लंगडे झाले. पुढे एका साहेबाकडे नोकर म्हणून राहिले. आपण फार वेंधळे होतो, हातात घेऊ ती वस्तू फोडत होतो, असे ते स्वतःविषयी सांगत. १६४० साली ते पॅरिसमध्ये कार्मेलाइट संन्याशांच्या मठात दाखल झाले. शिक्षण नसल्यामुळे पुरोहित होण्याचा प्रश्न नव्हता. नाव मिळाले ब्रदर लॉरेन्स आणि काम मिळाले स्वयंपाकघराचे. त्याच काळात इकडे देहूला तुकोबा होते. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

स्वयंपाकाची त्यांना मुळात आवड नव्हती, उलट तिटकारा होता. तरी सुमारे १५ वर्षे ते त्या भांड्यांत राहिले. पुढे पाय फारच दुखू लागला तेव्हा मठातल्या मंडळींच्या चपला शिवायला बसले. मठासाठी दारू खरेदी करायला त्यांना लांब बरगंडीला पाठवीत. व्यवहार कळत नव्हता, पाय धड नव्हता. नावेत पिंपांवरून अंग लोळवत पुढे सरकावे लागे. जाताना देवाला सांगत की काम तुझे आहे, तूच पाहा. आणि काम होऊन जाई, असे त्यांचे म्हणणे.

त्यांची शिकवण म्हणाल तर मूठभर. मनातल्या मनात देवाशी बोलत राहावे, मोठे शब्द नकोत. तव्यावरचे अंडे उलटायचे तेही देवाच्या प्रीतीसाठी, जमिनीवरची काडी उचलायची तीही त्याच्यासाठी. प्रार्थनेची वेळ वेगळी आणि कामाची वेगळी, हा भेद त्यांना उरला नव्हता. भांड्यांचा खणखणाट आणि चार माणसे चार गोष्टी मागत असताना जी शांती, तीच वेदीपुढे गुडघे टेकल्यावर. मठातल्या माणसाला सासू नसते, वीजबिल नसते, पोरांच्या शाळेची फी नसते, हे माझ्याही मनात आले. पण स्वयंपाकघर ते स्वयंपाकघरच. तिथे रोज दोन वेळा माणसाचा कस लागतो.

आपल्याला हे नवीन वाटणार नाही. सावतोबांना देव मळ्यात भेटले, गोरोबांना चिखल तुडवताना. जनाबाई दळायला बसली की देव जात्याला हात लावीत. मी हे सगळे जाणून होतो, म्हणूनच परिचारिकेने सांगितले तेव्हा मनात म्हटले, यात काय विशेष, आमच्याकडे घरोघर आहे. माझे डोळे उघडले ते याच्या पुढच्या भागाने.

ही शांती ब्रदर लॉरेन्सना लगेच मिळालेली नव्हती. मठात आल्यापासून सुमारे दहा वर्षे त्यांचे फार हाल झाले. त्यांतली चार वर्षे तर, आपल्याला मोक्ष नाही, आपण नरकातच जाणार, अशी त्यांची खात्रीच झाली होती. कोणी समजूत घातली तरी पटत नव्हते. आणि हा माणूस त्या काळात रोज भाजी चिरत होता, भांडी घासत होता, देवाचे नाव घेत होता. शेवटी त्यांनी मनाशी ठरवले की तरणार की बुडणार याचा हिशोब आता करायचा नाही. मी आलो तो देवावर प्रेम करायला, तेवढे मरेपर्यंत करत राहीन. हे दुःख आयुष्यभर राहणार असे धरून ते चालले, आणि मग एके दिवशी ते आपोआप उतरले.

थोडा वेळ इथे थांबा. या दहा वर्षांत देव कुठे होता? आपण सहज म्हणतो, शांती मिळाली तेव्हा देव आला. तसे असेल तर आधीची सगळी भांडी देवावाचून घासली गेली. लॉरेन्स तसे म्हणत नाहीत. त्यांच्या दृष्टीने देव पहिल्या दिवसापासून तिथेच होता, कमी पडत होती ती आपली नजर. जवळ असणे हा देवाचा स्वभाव आहे. आपल्याला ते जाणवणे हा आपल्या मनाचा पाऊसपाणी आहे, कधी येतो, कधी दडी मारतो. या दोन्हींची मी गल्लत केली होती. वारीत गर्दी, टाळ, पाऊस, माउलींची पालखी, यांत मन भरून येई, आणि त्या भरून येण्यालाच मी पांडुरंग समजत होतो. ते थांबले तेव्हा पांडुरंग गेला असे वाटले.

ख्रिस्ती लोकांच्या मत्तयकृत शुभवर्तमानाची मांडणी मला या दृष्टीने फार बोलकी वाटते. पहिल्याच अध्यायात येशूसाठी 'इम्मानुएल' हे नाव येते, त्याचा अर्थ 'देव आमच्याबरोबर'. शेवटच्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की युगाच्या अंतापर्यंत मी तुमच्यासोबत आहे. पण या दोन टोकांच्या मध्ये, वधस्तंभावर, तोच येशू मोठ्याने हाक मारून देवाला विचारतो की तू मला का सोडलेस. ग्रंथाने ती हाक झाकून ठेवलेली नाही. आणि आपले तुकोबा? दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, आणि अभंगांतून ते देवाशी किती भांडले! भांडण जवळच्याशीच होते. जो नाहीच त्याला कोणी शिव्या घालीत नाही.

चुकीच्या बाबतीतही या आचाऱ्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. देवाचे स्मरण सुटले, राग आला, काही वाईट घडले, की ते देवाला एवढेच सांगत की तू मला सोडून दिलेस तर मी असाच वागणार, आता तूच उचल. आणि मग त्या चुकीभोवती घुटमळत न राहता कामाला लागत. त्यांनी स्वतःविषयी एक दृष्टान्त दिला आहे. राजासमोर उभा असलेला मोठा अपराधी, शिक्षेची वाट पाहणारा. राजा शिक्षा करीत नाही, तर मिठी मारतो, आपल्या पंगतीला बसवतो, स्वतःच्या हाताने वाढतो आणि तिजोरीच्या किल्ल्या देतो. आपण देवाला माउली म्हणतो, ते राजा म्हणतात, पण वाढणारा हात सारखाच दिसतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोन वाटा एकच आहेत असे दाखवण्याचा खटाटोप मी करणार नाही. ख्रिस्ती विचारात निर्माता निराळा, निर्मिलेला निराळा. पवित्र आत्मा माणसाच्या हृदयात राहतो, पण माणूस देव होत नाही. ज्ञानोबांनी अमृतानुभवात सांगितलेले ऐक्य आणि त्या ऐक्यातही उरणारी भक्ती, ही वेगळी गोष्ट आहे. मला माझीच वाट प्रिय आहे. नामदेवरायांची कथा आठवा. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. पाय उचलून दुसरीकडे ठेवू लागले तर जिथे ठेवावे तिथे पिंडी. नामदेवांना मंदिरातला देव माहीत होता, मंदिराबाहेरचा त्या दिवशी कळला. पांडुरंगाशी बोलणाऱ्या नामदेवांनाही हे कोणी दुसऱ्याने दाखवावे लागले. मला एका परिचारिकेने दाखवले, इतकेच.

मग घरी आल्यावर काय बदलले, असे तुम्ही विचाराल. फारसे काही नाही. आईचे अंथरूण तेच, वास तोच. मी "विठ्ठला, धर" म्हणू लागलो. शंभरातून नव्वद वेळा काहीच जाणवत नसे. कंटाळा येई, डोळ्यांवर झोप असे, कधी रागही येई. पूर्वी त्यावर स्वतःला दोष देत बसे आणि त्या दोष देण्यातून आणखी राग. आता पुढच्या वेळी पुन्हा म्हणायचो. घरात देव्हारा पूर्वेच्या भिंतीला आहे आणि आईची खाट पश्चिमेच्या. दिवा लावून झाल्यावर देव्हाऱ्याकडे पाठ करून आईकडे वळताना पूर्वी काहीतरी सोडून जातो आहे असे वाटे. ते वाटणे कधी बंद झाले ते लक्षात आले नाही.

त्या पावसाळ्यानंतर आई चार महिने होती. त्या दुपारच्या बोलण्याची माफी मी तिच्याजवळ कितीतरी दिवस मागू शकलो नाही. एका रात्री मागितली. दिवा बारीक होता. तिच्या तोंडून काही आवाज निघाला, शब्द नव्हते. तो रागाचा नव्हता, एवढे मी सांगू शकतो. घड्याळात दोन वाजले होते, कूस बदलायची वेळ झाली होती. मी एक हात तिच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली.