विष पचतं, तसं नामही?



आजचं वाचन ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय, अभ्यासयोगाच्या ओव्या. अभ्यासाचं बळ सांगताना माऊली म्हणतात, की अभ्यासाने विषसुद्धा आहार होऊन बसतं. एरवी ही ओवी वाचून मला धीर येतो. आज धास्ती वाटली.

माझ्या सकाळच्या लोकलमध्ये एक अंध काका भजन म्हणत यायचे. नोकरीला लागलो तेव्हा त्यांचा आवाज आला की मी इयरफोन काढायचो, हातावर काहीतरी ठेवायचो. पुढे नुसतं बघायचो. त्याच्याही पुढे मोबाइलचा आवाज वाढवायला लागलो. आणि कानात काय, तर हरिपाठ! परवा शेजारचा म्हणाला, "ते काका दिसले नाहीत ना बरेच दिवसांत?" किती दिवस, ते मला सांगताच येईना.

चहाचंही असंच होतं. कॅफिन मेंदूतल्या ॲडेनोसिनची वाट अडवतं, म्हणून तरतरी येते. रोज घेत गेलो की शरीर जुळवून घेतं. मग एका कपाचं काम दोन कपांनीही होत नाही, आणि सोडला तर डोकं ठणकतं. यात शरीराची चूक नाही. प्रत्येक आवाजाला दचकत बसलो तर जगणार कसं? पण हेच मन दुसऱ्याचं दुःखही 'रोजचंच' म्हणून पचवून टाकतं. नामसुद्धा.

मग नाम रोज घेऊच नये का? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, मन जिथे जिथे धावेल तिथून त्याला परत आणा. मला इथे उत्तर सापडलं. सवय लागली की लक्ष न देता काम होतं. अभ्यासात निसटलेलं लक्ष पुन्हा पुन्हा आणावं लागतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

काल लोकलमध्ये इयरफोन बॅगेतच ठेवले. काका आले नाहीत. त्यांचं नावही मी कधी विचारलं नव्हतं.

आज एवढंच करून बघूया. तोंडपाठ झालेल्या एका ओवीवर थांबूया, आणि 'रोजचा' झालेल्या एका माणसाकडे नीट बघूया.

राम कृष्ण हरी.